ताळा: पाटणच्या मठापासून ऑक्टेव्हच्या पडद्यापर्यंत

शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, पाटण

पावसाने नुकतीच उघडीप दिली आहे. तुम्ही उभे आहात ते सह्याद्रीच्या अजिंठा-सातमाळा रांगेच्या पायथ्याशी. पाठीमागे काळा कडा आहे आणि त्यावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरताहेत. समोर पाटण आहे. तुमच्या काळात हे ठिकाण चाळीसगावजवळची पाटणादेवी म्हणून ओळखलं जातं. तिथे गौताळा अभयारण्याचं जंगल आहे आणि नवसाला येणारी माणसं आहेत. आज इथे बाजारपेठ आहे. बैलांच्या पाठीवर माल येतो, दुकानं मांडलेली आहेत, तेलाचे घाणे फिरताहेत. हवेत ओल्या मातीचा आणि तिळाच्या पेंडीचा वास आहे.

देवगिरीवर यादवांचा सिंघण राज्य करतो. हा मुलूख त्याच्या मांडलिकांकडे, निकुंभ घराण्याकडे आहे. आज चंद्रग्रहण आहे आणि ग्रहणकाळी दान द्यायचं म्हणून निकुंभांचा सोइदेव पाटणला एका मठाची सोय लावून देतो आहे. मठ उभारणारा चांगदेव म्हणजे सिंघणाचा मुख्य ज्योतिषी, लक्ष्मीधराचा मुलगा आणि भास्कराचार्यांचा नातू. मठात काय शिकवायचं तेही ठरलेलं आहे: आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी, त्यांचे इतर ग्रंथ आणि घराण्यातल्या बाकीच्यांनी लिहिलेले ग्रंथ.

गर्दीत मागे उभं राहून तुम्ही दानाचा तपशील ऐकता. बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला. गावात जेवढे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल मठाला. हे सगळं दगडावर कोरलं जाणार आहे. वंशवर्णन आणि स्तुती संस्कृतात, पण देण्याघेण्याचा भाग मराठीत, म्हणजे तेल्याला आणि वाण्याला कळेल अशा भाषेत. ही मराठी कानाला वेगळी लागते, तरी तुम्हाला ती समजते. पुढे अभ्यासक हा दिवस ९ ऑगस्ट १२०७ असा बसवतील.

चंद्राची कड काळी पडू लागते. माणसं पाण्याकडे निघतात. ग्रहण कधी लागणार आणि कधी सुटणार याचं गणित ज्यांनी केलं, त्यांच्या विद्येसाठी आज एका गावाने आपल्या घाण्यातलं तेल लावून दिलं आहे. तुम्ही मठाच्या पडवीत आडवे होता.

दुसरा दिवस, मठ

सकाळी हातावर ज्वारीची भाकरी येते, वर तिळाचं तेल. ठेचा शोधू नका. मिरची या देशात यायला अजून तीनशे वर्षं आहेत.

विद्यार्थी ओळीने बसलेत. प्रत्येकापुढे लाकडी पाटी आहे आणि तिच्यावर बारीक धुळीचा थर. बोटाने किंवा काडीने आकडा काढायचा, काम झालं की तळहाताने पुसायचा. पुसलं की मधली पायरी गेली. म्हणून इथे कुणीही मनात नियम पक्का केल्याशिवाय बोट उचलत नाही.

आचार्य प्रश्न घालतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीतला आहे, पण ते आपल्या शब्दांत सांगतात.

"एक राशी घ्या. तिला पाचांनी गुणा. आलेल्या गुणाकारातून त्याचाच तिसरा हिस्सा काढून टाका. उरेल त्याला दहांनी भागा. मग मूळ राशीचा तिसरा, दुसरा आणि चौथा हिस्सा त्यात मिळवा. अडुसष्ट होतात. राशी सांगा."

तुमचा हात 'क्ष मानू' म्हणायला शिवशिवतो. शेजारचा मुलगा मात्र सरळ धुळीत ३ काढतो. का ३? कारण तीनला तिसरा हिस्सा सुखाने निघतो. उत्तर ठाऊक नाही, तर सोयीची कुठलीही राशी धरायची आणि सांगितलेलं सगळं तिच्यावर करून पाहायचं. हे इष्टकर्म.

तो मोठ्याने म्हणत करतो. तीन पाचा पंधरा. पंधराचा तिसरा हिस्सा पाच, तो गेला, दहा उरले. दहांनी भागले, एक. आता तीनचा तिसरा हिस्सा एक, निम्मे दीड, चौथा हिस्सा पाऊण. सगळे मिळून सव्वाचार. धरलेल्या तीनचे सव्वाचार झाले, तर अडुसष्ट कशाचे होतील? अडुसष्टांना तिनांनी गुणलं, दोनशे चार. सव्वाचारांनी भागलं, अठ्ठेचाळीस.

तुम्हाला वाटतं, संपलं. आचार्य त्याच्याकडे बघत राहतात. मुलगा पाटी पुसतो आणि अठ्ठेचाळीस घेऊन पहिल्यापासून सुरू करतो. पाचपट दोनशे चाळीस. तिसरा हिस्सा ऐंशी गेला, एकशे साठ. दहांनी भागले, सोळा. त्यात सोळा, चोवीस आणि बारा. अडुसष्ट. मग कुठे आचार्य मान हलवतात.

संध्याकाळी एका मोठ्या विद्यार्थ्याच्या पाटीवर वेगळंच काम दिसतं. तो बीजगणितापर्यंत पोचला आहे. भास्कराचार्यांनी तिथे विचारलं आहे: असा कोणता वर्ग, की त्याला एकसष्टांनी गुणून एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच मिळेल? तो चक्रवाल पद्धतीने चालला आहे. सुरुवात ८ आणि १ पासून: आठाचा वर्ग चौसष्ट, त्यातून एकसष्ट गेले, उरले ३. आपल्याला १ हवा, ३ नको. मग तो असा गुणक शोधतो, की पुढचे भागाकार निःशेष जावेत आणि गुणकाचा वर्ग एकसष्टच्या शक्य तितका जवळ असावा. गुणक ७. नवी जोडी ३९ आणि ५, आणि बाकी उणे ४. पुन्हा तेच चाक. गुणक ९, जोडी १६४ आणि २१, बाकी उणे ५. पाटी पुसली जाते, आकडे वाढतात, नियम तोच राहतो.

तुम्ही हे पाहून ठेवा. लूप काय असतो ते तुम्ही आत्ताच पाहिलंत.

मधली शतकं

तुम्ही उभे राहता आणि पाटण ओसरू लागतं. बाजार उठतो, मठ जातो, जंगल पुढे सरकतं. दगड राहतो. १८६५ मध्ये मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड या शिलालेखाचा शोध छापून जगापुढे ठेवतात आणि पळीभर तेलाचा हिशेब पुन्हा वाचला जातो. १९०० मध्ये चाळीसगावाहून धुळ्याला आगगाडीचा फाटा जातो. त्याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य राजवाडे यांचं निधन होतं, आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या दप्तरांसाठी तिथे संशोधन मंडळ उभं राहतं. १९९० मध्ये जळगावला गिरणेकाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू होतं. २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे.

जळगाव, यंदाचा मे महिना

बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला आहे. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पंखे गरगरताहेत. पडद्यावर ऑक्टेव्ह उघडं आहे आणि कर्सर लुकलुकतो आहे.

ऑक्टेव्ह ही आकडेमोडीसाठी घडवलेली भाषा आहे आणि ती फुकट मिळते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लीव्ह मोलर यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी मॅटलॅब लिहिलं. फोरट्रान न शिकताही मुलांना मोठी गणितं करता यावीत, हा हेतू होता. पुढे जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ऑक्टेव्ह लिहायला घेतलं आणि रासायनिक अभियांत्रिकीचे आपले प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पिल यांचं नाव त्याला दिलं. याच गोत्रातलं सायलॅब फ्रान्सचं. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतही ऐकता येतात.

पहिली ओळ लिहा. लीलावतीतलाच गुणाकार घ्या: १३५ * १२. एंटर दाबा. १६२० येतात. आता हाच गुणाकार भास्कराचार्यांनी दाखवला तसा वेगवेगळ्या वाटांनी करा. १३५ * (४ + ८), मग १३५ * ३ * ४, मग १३५ * २० - १३५ * ८. दर वेळी १६२०. एका वाटेने आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळायचं, हे त्यांनी गुणाकाराच्या पहिल्याच उदाहरणात शिकवलं आहे.

आता खरा प्रोग्रॅम. कालचा अडुसष्टांचा प्रश्न घ्या. लीलावतीत आधी नियम येतो, मग उदाहरण, मग त्यातले आकडे मांडून दाखवले जातात. तुमची फाइलही तशीच लावा. आधी फंक्शन, म्हणजे नियम. खाली धरलेली राशी. त्याखाली उत्तर. कळफलकावर नावं रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत, इथे ती देवनागरीत वाचा.

फल = राशी*५ - राशी/३;
फल = फल/१०;
फल = फल + राशी/३ + राशी/२ + राशी/४;

राशी ३ धरून चालवता. फल येतं ४.६५. मग ६८ * ३ / ४.६५. पडदा म्हणतो ४३.८७१.

शेजारच्या खुर्चीवरचा मित्र वाकून बघतो. "काय भो, झालं का?"

तुम्ही ताळा करता. जे उत्तर आलं तेच फंक्शनमध्ये घालता. ६८ येतात. चोख! मशीनने केलं, ताळाही जुळला. पण पाटणच्या धुळीत अठ्ठेचाळीस आले होते.

पहिली ओळ पुन्हा वाचा. तिसरा हिस्सा कशाचा काढायचा होता? आचार्य म्हणाले होते, गुणाकाराचा. तुम्ही काढलात मूळ राशीचा. आणि ताळा जुळला, कारण तो त्याच चुकीच्या नियमातून गेला. नियम वाकडा असेल तर त्याच नियमाने केलेली तपासणीही तितकीच वाकडी निघते आणि दोन्ही मिळून सरळ दिसतात. मठातल्या मुलाने पाटी पुसली होती, पडताळा पहिल्यापासून केला होता, आणि तोही प्रश्नाच्या शब्दांवरून.

पहिली ओळ मोडून दोन करा.

फल = राशी*५;
फल = फल - फल/३;

आता ३ चे ४.२५, आणि उत्तर ४८. ३ ऐवजी १२ धरून पाहा: फल नेमकं १७, उत्तर पुन्हा ४८. शेवटी प्रश्न समोर ठेवून अठ्ठेचाळिसांचा ताळा कागदावर करा. मशीनला हात लावू नका.

तीच लॅब, दुपार

हुरूप आला आहे. आता एकसष्ट.

मठात संध्याकाळी पाहिलेलं चाक तुम्ही व्हाइल लूपमध्ये घालता: बाकी १ नाही तोवर फिरत राहा. प्रत्येक फेरीत योग्य गुणक शोधा, नवी जोडी काढा, नवी बाकी काढा, ओळ छापा. पडद्यावर ओळखीच्या ओळी येतात. ८, १, ३. मग ३९, ५, उणे ४. मग १६४, २१, उणे ५. सातव्या ओळीला २९७१८ आणि ३८०५, बाकी उणे १. चौदाव्या ओळीला लूप थांबतो: १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०, बाकी १.

हेच उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास दिलं. वाटेत त्यांनी ब्रह्मगुप्ताच्या 'भावने'चा, म्हणजे दोन जोड्यांतून नवी जोडी काढण्याच्या रीतीचा, उपयोग करून बऱ्याच पायऱ्या गाळल्या. पाच शतकांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधल्या फर्माने याच एकसष्टचं कोडं आपल्या काळच्या गणितज्ञांना घातलं.

ताळा करायलाच हवा. तुम्ही लिहिता: पहिल्याचा वर्ग, वजा एकसष्ट गुणिले दुसऱ्याचा वर्ग. एक यायला हवा.

पडदा म्हणतो: ०.

तुम्ही पुन्हा चालवता. ०. या वेळी नियमाची ओळ न् ओळ तपासून झाली आहे. मग चुकतंय कोण?

पुन्हा मठ, रात्र

त्याच मोठ्या विद्यार्थ्याला तुम्ही दोन्ही आकडे सांगता. तो मोठा वर्ग करायला बसतच नाही. धुळीत पहिल्या राशीचे अंक लिहितो आणि बेरीज करतो: एक, सात, सहा, सहा, तीन, एक, नऊ, शून्य, चार, नऊ. सेहेचाळीस. चार नि सहा दहा, एक नि शून्य एक. वर्ग केला तरी एकच. दुसरीचे अंक: दोन, दोन, सहा, एक, पाच, तीन, नऊ, आठ, शून्य. छत्तीस. तीन नि सहा नऊ, म्हणजे नवांनी निःशेष. मग तिच्या वर्गाला एकसष्टांनी गुणलं तरी निःशेषच. एकातून शून्य गेलं, एक उरला.

नवांचा हा ताळा या काळात जुनाच आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तात तो भास्कराचार्यांच्याही आधी आलेला आहे. या ताळ्याने उत्तर बरोबर असल्याची पुरी हमी मिळत नाही, कारण नवांच्या पटीत झालेली चूक त्यातून निसटते. पण बाकी एक उरते, याचा अर्थ फरक शून्य असणं शक्यच नाही, एवढं तो ठामपणे सांगतो.

तो आणखी एक दाखवतो. पहिलीच्या शेवटी नऊ आहे, तिचा वर्ग एकावर संपेल. दुसरीच्या शेवटी शून्य आहे, तो शून्यावर संपेल. दोन्ही सारखे कसे होतील?

राशी बरोबर आहेत. ताळाच फसला आहे. सकाळी उत्तर चूक होतं आणि ताळा जुळत होता. आता उत्तर बरोबर आहे आणि ताळा जुळत नाही.

लॅब, दिवे लागणीला

कारण मशीनच्या आत आहे. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत, तर ऑक्टेव्ह प्रत्येक आकडा दशांशवाल्या संख्येसारखा चौसष्ट बिटांत ठेवतं. १९८५ पासून यासाठी एक जागतिक मानक आहे. त्या चौसष्टांतले बावन्न बिट अंकांच्या वाट्याला येतात, आणि न लिहिता गृहीत धरलेला एक मिळून त्रेपन्न होतात. त्यामुळे २ चा त्रेपन्नावा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथवर प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. पुढे जागा अपुरी पडते आणि मशीन जवळच्या मावणाऱ्या आकड्यावर जाऊन बसतं.

तुमच्या पहिल्या राशीचा वर्ग आहे ३११९८८२९८२८६०२६४४०१. दुसऱ्या बाजूचा गुणाकार आहे ३११९८८२९८२८६०२६४४००. इतक्या उंचीवर मशीनला ठेवता येणारे शेजारचे दोन आकडे एकमेकांपासून ५१२ लांब असतात. तुमच्या दोन संख्यांमध्ये अंतर फक्त एकाचं. दोन्ही जाऊन एकाच आकड्यावर बसल्या आणि वजाबाकी शून्य झाली. लूपमधले आकडे मर्यादेच्या आत होते, म्हणून उत्तर नीट आलं. मर्यादा ओलांडली ती फक्त शेवटच्या वर्गाने.

आता ऑक्टेव्हला स्पष्ट सांगा, की हे पूर्णांक आहेत. दोन्ही राशी इंट६४ या प्रकारात घाला. त्यात साधारण ९२२ वर सोळा शून्यांपर्यंतचे पूर्णांक नेमके राहतात. ताळ्याची ओळ पुन्हा चालवा. पडद्यावर १ येतो.

मित्र खुर्ची ओढून शेजारी बसतो. त्याने तोवर फर्माचं दुसरं कोडं शोधून ठेवलं आहे. "एकसष्ट झाले ना? आता एकशे नऊ लाव."

लावा. जोडी येते १५८०७०६७१९८६२४९ आणि १५१४०४२४४५५१००. ताळ्याची ओळ चालवण्याआधी थांबा. पहिलीचा वर्ग एकोणतीस अंकी आहे, तो इंट६४ मध्येही मावणार नाही. ऑक्टेव्ह अशा वेळी ओरडत नाही. ते दोन्ही बाजूंना आपल्याला ठेवता येणारा सगळ्यात मोठा पूर्णांक लिहून मोकळं होतं, आणि वजाबाकी पुन्हा शून्य दाखवतं. आता तुम्हाला हे आधीच ठाऊक आहे. पहिलीच्या अंकांची बेरीज त्र्याहत्तर, म्हणजे नवांनी एक उरतो. दुसरीची छत्तीस, निःशेष. शून्य येऊच शकत नाही.

पहिला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बहुतेक ठिकाणी शिकवतात, की पडद्यावर काहीतरी उमटलं म्हणजे जमलं. खानदेशातल्या मुलामुलींनी एवढ्यावर थांबू नये. आपल्या जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी गणितासाठी शाळा होती, तिचा खर्च बाजारपेठ आणि घाणे देत होते, आणि तिथे शिकवलेल्या ग्रंथांतली रीत आज मशीनवर जशीच्या तशी चालते. मशीन तुमचा नियम न थकता पाळेल. नियम योग्य आहे का, आणि त्याचे आकडे त्याच्या स्वतःच्या पोटात मावतात का, हे ते विचारणार नाही. ते विचारणं तुमचं काम आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या वाटेने केलेला ताळा हवा.

तेव्हा फाइलच्या शेवटी आणखी एक फंक्शन जोडा. मोठे वर्ग न करता दोन्ही राशींची नवांनी बाकी काढा, मग सातांनी, मग अकरांनी, मग हजारांनी. प्रत्येक वेळी पहिलीच्या बाकीचा वर्ग करा, त्यातून एकशे नऊ गुणिले दुसरीच्या बाकीचा वर्ग वजा करा आणि पुन्हा बाकी काढा. दर खेपेला एकच उरला पाहिजे. या ओळी कुठल्याही पुस्तकातून उतरवू नका. बसा आणि स्वतः लिहा.